अक्षराची सावली कुठे पडते, ते आधी बघा

केराटोकोनस हा डोळ्याचा आजार असलेल्याला "तुला पुसट दिसतं का?" असं विचारलं की तो जरा अडखळतो. पुसट हा शब्द पुरत नाही. रात्री इंदूरच्या सराफ्यात उभं राहिलं की जिलबीच्या कढईवरचा एकच बल्ब त्याला पाच-सहा बल्बांचा घोस दिसतो, आणि घोसाला खाली शेपूट. दुकानाच्या पाटीवरचं "भुट्टे का कीस" दोनदा छापल्यासारखं दिसतं: एकदा गडद, आणि त्याच्या किंचित खाली पुन्हा एकदा फिकट. ही फिकट प्रत म्हणजेच सावली. एक डोळा झाकला तरी दुहेरी दिसणं जात नाही, आणि घरच्यांना नेमकं हेच पटत नाही.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. निरोगी डोळ्यात तिची मधली जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. केराटोकोनसमध्ये तिचा एक भाग, बहुधा मध्याच्या जरा खालचा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. मग वरच्या भागातून आलेले किरण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एकीकडे पडतात, खालच्या भागातून आलेले दुसरीकडे. चष्म्याची काच सगळ्या बाहुलीला (बुबुळामधल्या काळ्या छिद्राला) मिळून एकच दुरुस्ती करते, त्यामुळे ही वाकडी घडी तिच्याने सरळ होत नाही. लोक जे जे उपाय करतात त्यांचं मूळ इथेच आहे. एक तर कॉर्नियाचा थोडासाच बरा तुकडा वापरायचा, नाही तर सावली अशा जागी पाडायची की ती नडणार नाही, नाही तर कॉर्नियासमोर नवा गुळगुळीत पृष्ठभाग बसवायचा.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपली सावली ओळखणं. मोबाइलवर पूर्ण काळा पडदा करून मधोमध ३ मिलिमीटरचा पांढरा ठिपका काढा. खोलीत अंधार करा, मोबाइल एक मीटरवर उभा ठेवा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. जे दिसेल ते कागदावर काढा: मुख्य ठिपका कुठे, फिकट ठिपके किती, शेपूट घड्याळाच्या किती वाजण्याच्या दिशेला. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांची चित्रं सहसा सारखी येत नाहीत, कारण हा आजार दोन्ही डोळ्यांत सारख्या वेगाने वाढत नाही. कागदावर तारीख घाला. दर महिन्याला हेच करायचं असेल तर सकाळी कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या आधी करा, कारण कडक लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते. चित्र बदललं म्हणजे आजार वाढलाच असं नाही, पण टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, लवकर करून घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

सावलीची दिशा कळली की देवनागरी वाचायला जास्त त्रास का होतो तेही कळतं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात. आपल्याकडे शब्दाच्या डोक्यावर सलग आडवी रेघ. सावली खाली पडत असेल तर शिरोरेघेची सावली थेट अक्षरांच्या पोटात उतरते. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत इथूनच सुरू होते. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो, अनुस्वार दोन दिसतात. चष्म्याच्या दुकानात इंग्रजी तक्ता बरा वाचणारा मुलगा घरी येऊन मराठी पुस्तक वाचत नाही, यात त्याचा आळस असेलच असं नाही.

यावरचा उपाय फुकट आहे: कागद फिरवा. समजा, सावली ५ वाजण्याच्या दिशेला पडते, म्हणजे खाली आणि थोडी उजवीकडे. मग कागदाचं उजवं टोक खाली येईल असा तो हळूहळू ३० अंशांपर्यंत फिरवा. सावली आता शिरोरेघेच्या रेषेकडे झुकते, रेघेची सावली रेघेवरच सरकते आणि अक्षराचं पोट मोकळं होतं. सावली ७ वाजता असेल तर उलटं, डावं टोक खाली. बरोब्बर ६ वाजता असेल तर फायदा कमी, पण थोडा होतोच. पुष्कळ जण हे नकळत मान वाकडी करून करतात आणि मग मानेच्या दुखण्यासाठी वेगळा डॉक्टर शोधतात. मान सरळ ठेवा, कागद फिरवा. मोबाइलवर वाचताना आधी ऑटो-रोटेट बंद करायला विसरू नका. अक्षर मोठं करताना हिशोब असा की शिरोरेघ आणि अक्षराचं पोट यांतलं अंतर सावलीच्या अंतरापेक्षा जास्त झालं पाहिजे. त्यापुढे आणखी मोठं करून काही मिळत नाही, उगाच बोट सरकवत राहावं लागतं. वाचनाच्या अ‍ॅपमध्ये ओळींमधलं अंतर दीडपट ते दुप्पट केलं तर उकार-मात्रांची मारामारीही थांबते.

आता बाहुलीकडे वळू. उजेडात ती लहान होते, अंधारात मोठी. ६ मिलिमीटरची बाहुली ३ मिलिमीटरची झाली की कॉर्नियाचा चौथा हिस्साच वापरात राहतो. शेपूट पाडणारी जी विकृती, जिला डॉक्टर कोमा म्हणतात, ती बाहुलीच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास निम्मा झाला तर ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. टेबलावरच्या दिव्यासारखं स्वस्त औषध नाही ते यामुळेच. ९ वॅटचा पांढरा एलईडी, कागदापासून ४० ते ५० सेंटिमीटरवर, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे, आणि बल्ब स्वतः डोळ्याला दिसणार नाही अशी टोपी. अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड चौपट होतो, म्हणून मोठा बल्ब आणण्याआधी आहे तो जवळ ओढा. छताच्या ट्यूबलाइटवर भागवणारे इथेच चुकतात.

मोबाइलचा डार्क मोडही याच हिशोबात बसवा. काळ्यावर पांढरं अक्षर म्हणजे बाहुली मोठी, आणि सावली काळ्यावर उठून दिसते. शुद्ध केराटोकोनसला पांढरा पडदा आणि काळं ठळक अक्षर बहुधा बरं पडतं. कॉर्नियावर व्रण असेल किंवा डोळा फार कोरडा असेल तर पांढऱ्या पडद्याचा चकचकाट सहन होत नाही, तेव्हा डार्क मोडच ठीक. तोच परिच्छेद दोन्ही प्रकारे दहा-दहा मिनिटं वाचून ठरवा, आणि दिवसा व रात्री वेगवेगळं ठरवा. अंधाऱ्या खोलीत पांघरुणात शिरून डार्क मोडवर वाचणं मात्र सगळ्यांत वाईट.

बाहुली हाताने लहान करायची तर कार्डाला भोक पाडायचं. शिलाई मशीनची १६ नंबरची सुई १ मिलिमीटर जाडीची असते, १८ नंबरची १.१ मिलिमीटर. काळा जाड कागद खोडरबरावर ठेवून सुई पूर्ण जाडीपर्यंत आरपार घाला, मागे उठलेली कड पॉलिश पेपरने घासून काढा. हाताला येणारी साधी शिवणाची सुई घेतली तर भोक फार बारीक होतं. उजेड कमी मिळतो आणि प्रकाश कडांवर पसरून चित्र उलट मऊ पडतं. दोन मिलिमीटरच्या वर गेलं तर सावली परत येते. कार्ड डोळ्यापासून एक-दीड सेंटिमीटरवर धरा आणि भोक हळूहळू वर, खाली, बाजूला सरकवा. एका जागी अक्षर एकदम एकेरी होतं. शंकू खाली असेल तर ही जागा बहुधा मध्याच्या थोडी वर सापडते. जागा लक्षात ठेवा, कारण हालचाल एवढीशीच असते, मिलिमीटरभर. कार्ड पाकिटात राहतं. कार्ड नसेल तर सैल मूठ करून तिच्या बारीक फटीतून बघा. काम तेच.

या कार्डाने आणखी एक गोष्ट कळते. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष काचेचा आहे आणि लेन्सने सुधारायची आशा चांगली. भोकातूनही पुसटच दिसलं तर व्रण किंवा आतला पडदा, दोन्ही तपासून घ्या. आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला जाणार असाल तर कार्ड जरूर न्या. अंधारात भोक निकामी असतं, पण झांकीचे दिवे इतके प्रखर असतात की उजेड कापला गेल्याचं जाणवत नाही. शेपटांचा गुंता सुटून दिव्यांची नक्षी दिसते. अनेक भोकांचे तयार चष्मे मिळतात, ते टीव्हीपुरते ठीक आहेत. "नंबर उतरवणारे" म्हणून विकतात ते थोतांड. ते घालून रस्त्यावर जाऊ नका, बाजूचं काही दिसत नाही.

डोळे किलकिले करणं हाही भोकाचाच भाऊबंद: पापण्यांची आडवी फट उभी सावली कापते. दिवसभर केलं की कपाळ दुखतं. बोटाने बाहेरचा कोपरा ताणून बघायची सवय मात्र सोडा, तो डोळ्यावर दाब आहे.

दूरच्या पाट्यांसाठी मोबाइलचा कॅमेरा हे आजचं सगळ्यांत कामाचं हत्यार. त्याच्या काचेला केराटोकोनस नाही. सिटी बसचा नंबर, सरवटे स्थानकावरची पाटी, बँकेतला टोकनचा आकडा, वर्गातला फळा, सगळ्यांचा फोटो काढून बोटांनी मोठा करा. रेल्वे स्टेशनवरच्या लाल एलईडी फलकाचा फोटो कधी कधी अर्धवट येतो, मधल्या पट्ट्या गायब. ते दिवे सतत लागलेले नसतात, फार वेगाने लुकलुकतात आणि कॅमेरा मधलाच क्षण टिपतो. तिथे तीन-चार सेकंदांचा व्हिडिओ घेऊन थांबवून बघा. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मॅग्निफिकेशन चालू करून ठेवलं तर कोणत्याही अ‍ॅपमध्ये शॉर्टकटने पडदा मोठा होतो. आयफोनमध्ये मॅग्निफायर नावाचं अ‍ॅप आधीपासूनच असतं.

रात्री गाडी चालवण्याबद्दल आडपडदा न ठेवता लिहितो. समोरून येते ती एक मोटार आहे की शेजारी शेजारी दोन मोटारसायकली, हे ओळखता येत नसेल तर रात्री गाडी चालवू नये. त्याला कोणतीही युक्ती नाही. येत असेल, तर समोरच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा, पुढची काच आतूनही पुसा (आतला तेलकट थर कोणी पुसत नाही), हेल्मेटची ओरखडलेली काच बदला. रात्रीसाठीचे पिवळे चष्मे घेऊ नका. ते उजेड कमी करतात, म्हणजे बाहुली आणखी मोठी.

हे सगळं झालं डोळ्याबाहेरचं. खरी साफ नजर देते ती कडक लेन्स, कारण तिच्या आणि कॉर्नियाच्या मधली जागा अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला पुढे गुळगुळीत काच मिळते. लहान आरजीपी लेन्सला (हवा आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्सला) आपल्या माळव्याच्या हवेत एकच मोठा शत्रू, धूळ. एप्रिल-मेमध्ये स्कूटरवर कण आत गेला की डोळ्यातून पाण्याची धार लागते आणि गाडी थांबवावीच लागते. हेल्मेटच्या काचेखाली हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, बाजू झाकणारा पारदर्शक सेफ्टी गॉगल घाला. कण गेलाच तर चोळू नका, चोळलं की तो कण कॉर्नियावर रेघा मारतो. खाली बघा, ओलावा देणारे थेंब टाका, पापण्या मिटमिटा. नाही निघाला तर लेन्स काढा. लेन्स पांढऱ्या भागावर सरकली तर आधी आरशात ती कुठे आहे ते बघा, मगच हात लावा. लेन्स समजून उघड्या कॉर्नियावर प्लंजर (लेन्स चिकटवून धरायची रबरी वाटी) टेकवणारे कमी नाहीत. जमिनीवर पडली तर पाय हलवू नका. मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, लेन्स चमकते.

स्क्लेरल लेन्स मोठी असते, साधारण १४ ते १८ मिलिमीटर व्यासाची. ती पांढऱ्या भागावर टेकते, कॉर्नियाला शिवत नाही, म्हणून टोचत नाही आणि धूळही सहसा आत जात नाही. घालायला मात्र हात बसावा लागतो. पंखा बंद. बेसिनवर घालणार असाल तर आधी जाळीवर रुमाल. साधा साबण, मलईवाला नको, त्याचा थर काचेवर चढतो. टेबलावर आरसा आडवा ठेवा आणि हनुवटी छातीला टेकवून चेहरा जमिनीला समांतर आणा. लेन्स मोठ्या प्लंजरवर किंवा तीन बोटांवर धरून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या ०.९ टक्के सलाइनने काठोकाठ भरा. पाणी काठावर फुगून उभं राहिलं पाहिजे. वरची पापणी भुवईच्या हाडाशी धरून ठेवा, खालची दुसऱ्या हाताच्या मोकळ्या बोटाने ओढा. लेन्स सरळ वर न्या. पाणी डोळ्याला लागल्यावर बहुतेक जण दचकून मागे सरतात, नेमकं तेव्हाच अर्धा सेंटिमीटर पुढे जायचं असतं. आधी खालची पापणी सोडा, मग वरची, मग प्लंजर दाबून सोडवा. आरशात बघा: आत बुडबुडा दिसला तर काढा आणि पुन्हा भरून घाला. बुडबुडा आपोआप जात नाही आणि त्याखालचा कॉर्निया कोरडा पडतो.

पाच-दहा मिलिलिटरच्या प्लास्टिक अ‍ॅम्प्यूल दवाबाजारात मिळतात. उघडलेली तेवढ्यापुरतीच, उरलेली संध्याकाळसाठी राखायची नाही. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून आठवडाभर वापरणं म्हणजे जंतूंना वसतिगृह देणं. लेन्स ज्या सोल्यूशनमध्ये रात्री ठेवता, ते सलाइनऐवजी आत भरायचं नाही. ते दिवसभर कॉर्नियाला चिकटून राहतं आणि डोळा लाल होतो. नळाचं पाणी, आरओचं पाणी, थुंकी, काहीच नाही. नर्मदेचं पाणी घरात कितीही गाळून आलं तरी अ‍ॅकँथमिबा नावाचा जीव त्यात असू शकतो. त्याचा संसर्ग कॉर्नियाचं वाटोळं करतो आणि बरा व्हायला महिने लागतात.

काढताना आधी ओलाव्याचा थेंब, मग छोटा प्लंजर सलाइनने ओला करून लेन्सच्या काठाजवळ लावा आणि काठ उचलून आत हवा जाऊ द्या. मधोमध लावून सरळ ओढलं तर सगळी ओढ डोळ्यावर येते.

दोन-तीन तासांनी धुकं येतं ही स्क्लेरलवाल्यांची नेहमीची तक्रार. ते धुकं बाहेरचं की आतलं, हे आधी ठरवा. छोटा प्लंजर किंवा कापसाची काडी सोल्यूशनमध्ये ओली करून लेन्स डोळ्यावर असतानाच तिचा बाहेरचा पृष्ठभाग हलकेच पुसा. साफ झालं तर तो काचेवरचा थर होता. पापण्यांच्या कडा आणि काजळ यांच्याकडे बघा. तसंच राहिलं तर आतल्या पाण्यात चिकट कण जमलेत. लेन्स काढून, धुऊन ताज्या सलाइनने भरा. काहींना दाट ओलाव्याचे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब सलाइनमध्ये मिसळून धुकं उशिरा येतं. प्रमाण लेन्स बसवणाऱ्याला विचारा. रोजच दोनदा काढावी लागत असेल तर काठ सैल बसला आहे किंवा अ‍ॅलर्जी आटोक्यात नाही. असं सहन करत वर्ष काढू नका.

अ‍ॅलर्जीवरून आठवलं. खाज आणि चोळणं हे या आजाराचं खतपाणी. खाज सुटली की थंड पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवा, दाबू नका. ओलाव्याचे थेंब फ्रिजमध्ये ठेवले तर थंडपणानेच निम्मी खाज उतरते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय "लाली घालवणारे" स्टेरॉइड थेंब आणून टाकत राहणं फार महागात पडतं: डोळ्याचा दाब न दुखता वाढत जातो. सी थ्री आर (कॉर्निया घट्ट करणारी क्रॉसलिंकिंग प्रक्रिया) झालेल्यांनीही चोळायचं नाहीच. ती प्रक्रिया आजार थांबवण्यासाठी आहे, नजर साफ करण्यासाठी नव्हे, ही अपेक्षा आधीच सरळ असावी.

अचानक एका दिवसात डोळा दुखून पांढुरका झाला, पाणी येऊ लागलं, उजेड सहन होईना, तर कार्ड, कागद, दिवा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे जा. आतला पातळ थर फाटून कॉर्नियात पाणी शिरतं तेव्हा असं होतं.

आणि रंगपंचमी. राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, टँकरमधून रंगीत पाणी उडतं, गुलाल चार-चार मजले वर जातो. त्या दिवशी लेन्स डबीतच ठेवा, कितीही कमी दिसत असलं तरी जुना चष्मा आणि त्यावर मोठा गॉगल. घरी आल्यावर आधी केस धुवा, मग चेहरा, डोळे शेवटी. उलट क्रमाने केलं तर केसांतला रंग पुन्हा डोळ्यांत उतरतो. लेन्स दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेव्हाही डोळा लाल असेल तर आणखी एक दिवस नाही.